कुठली गाडी, कुठला रस्ता

कोल्हापुरात गाड्यांवर बोलायला मुहूर्त लागत नाही. उद्यमनगरातली चहाची टपरी असो, रंकाळ्याचा कठडा असो की लग्नाची पंगत, कुणीतरी सुरुवात करतंच: "समज, पैशाचा प्रश्नच न्हाई. कुठली घेशील?" मग तासभर कुणी जागचं हलत नाही. एकाला लॅम्बोर्गिनी हवी असते, एकाला रोल्स रॉइस, एकाला जी-वॅगन. आणि एखादे काका हटकून सांगतात, "फियाट. तसली गाडी परत झाली न्हाई."

या गप्पा मला मनापासून आवडतात. माणूस आपल्या स्वप्नातल्या गाडीबद्दल बोलायला लागला की त्याचं वय, धंदा, कर्ज सगळं बाजूला पडतं आणि डोळ्यांत निराळंच काहीतरी येतं. पण बरीच वर्षं मला वाटत आलंय की हा प्रश्न अर्धाच विचारला जातो. कुठली गाडी, इथपर्यंत सगळे येतात. कुठल्या रस्त्यावर, हे कुणी विचारत नाही. आणि माझ्या मते तिथंच खरी गंमत आहे. प्रत्येक मोठी गाडी कुणीतरी, कुठल्यातरी गावात, कुठलातरी रस्ता डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असते. तो रस्ता वगळून नुसती गाडी मागणं म्हणजे स्वप्न अर्ध्यातच सोडून उठणं.

आमच्या गावात या वेडाची परंपरा जुनी आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात, शमीपूजन होतं, सूर्य मावळता मावळता सोनं लुटलं जातं. त्याच सोहळ्याला राजघराण्याची मेबॅक येते. लहानपणी माझे वडील, म्हणजे आण्णा, मला खांद्यावर घेऊन उभे राहायचे. बाकीची पोरं आपट्याच्या पानांसाठी धडपडत असायची आणि मी त्या लांबच लांब बॉनेटकडे बघत असायचो. एवढ्या मोठ्या बॉनेटखाली काय असेल, हा माझ्या आयुष्यातला गाडीविषयीचा पहिला प्रश्न.

उत्तर पुढं वाचता वाचता मिळत गेलं आणि ते अपेक्षेपेक्षा मोठं निघालं. विल्हेल्म मेबॅक हा गॉटलिब डाइमलरचा सहकारी. 1901 साली मर्सिडीज या नावानं जी पहिली गाडी आली, तिची रचना याच माणसाची. पुढं 1909 मध्ये त्यानं आणि त्याचा मुलगा कार्ल यानं काउंट झेपेलिनच्या साथीनं कारखाना काढला तो हवाई जहाजांची इंजिनं बनवायला. पहिलं महायुद्ध जर्मनी हरली, व्हर्सायच्या तहानं विमानांच्या इंजिनांवर बंधनं आली, आणि कार्ल मेबॅक गाड्यांकडे वळला. 1921 पासून दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत या कारखान्यानं जेमतेम अठराशे गाड्या बनवल्या. कारखाना चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि इंजिन द्यायचा, वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीनं दुसरे कारागीर बांधायचे. म्हणजे एकासारखी दुसरी मेबॅक सापडणं अवघड. त्या मोजक्या गाड्यांतली एक 1930 च्या दशकातली गाडी कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आहे आणि आजही स्वतःच्या चाकांवर चालत चौकात येते.

तिकडं जर्मनीत ऑटोबान या वेगवान महामार्गांचे पहिले टप्पे खुले होत होते, त्या काळातली ही गाडी. तासन् तास, आवाज न करता, लांबचा पल्ला मारायला जन्मलेली. इथं ती पालख्यांच्या चालीनं येते, गर्दीतून, माणसांच्या हाताच्या अंतरावरून. कुणाला वाटेल, गाडीवर अन्याय झाला. मला तसं अजिबात वाटत नाही. जगभरातल्या कितीतरी मेबॅक काचेमागं दोरी बांधून ठेवलेल्या आहेत. आमचीला वर्षातून एकदा का होईना रस्ता मिळतो, त्या रस्त्याला तिची वाट बघणारी माणसं मिळतात, आणि खांद्यावर बसलेल्या एखाद्या पोराच्या डोक्यात किडा सोडून ती परत जाते.

माझ्या डोक्यातला किडा वाढला तो मात्र उद्यमनगरात. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला, शेतातल्या पंपांसाठी ऑइल इंजिनं बनली, त्या गावात यंत्र ही परक्या देशातली वस्तू कधीच नव्हती. लेथवर बसलेला माणूस बाहेरून आलेला पार्ट उलटासुलटा करून बघायचा आणि म्हणायचा, "हुतंय की आपल्याकडं." आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांतून गाड्यांची, ट्रॅक्टरची, ट्रकची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, जातात. तुम्ही कुठल्याही गावात कुठलीही गाडी चालवत असलात तरी तिच्यात कोल्हापूरची भट्टी पाहिलेला एखादा तुकडा असू शकतो.

आण्णा फाउंड्रीत सुपरवायझर होते. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायचो आणि परत यायला मुद्दाम उशीर करायचो. इंजिनाचा ब्लॉक कसा ओततात, हे ज्यानं बघितलं नाही त्याला गाडी बाहेरूनच माहीत असते, असं माझं ठाम मत आहे. आधी पॅटर्न, म्हणजे ब्लॉकच्या आकाराचा नमुना, त्याच्याभोवती ठोकून बसवलेली रेती, मग आत बसवायचे कोअर. ब्लॉकच्या पोटात जिथं पुढं पाणी फिरणार असतं, ती सगळी पोकळी रेतीच्या कोअरनं आधी भरलेली असते. लोखंड तिच्याभोवतीनं वाहतं, थिजतं, मग आतली रेती झाडून काढायची. सिलिंडरची भिंत काही मिलिमीटरची. कोअर केसभर सरकला तर एका बाजूला भिंत जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, आणि अख्खा ब्लॉक रिजेक्ट. लाल-पिवळा रस लेडलमधून साच्यात उतरताना सगळी फाउंड्री गप्प व्हायची. ओतताना मध्ये थांबायचं नाही, घाई करायची नाही.

थंड झालेल्या, साफ केलेल्या कास्टिंगला आण्णा छोट्या हातोडीनं टिचकी मारायचे. चांगल्या कास्टिंगचा आवाज लांबतो, आत तडा असला की बद्द येतो. "ऐक," म्हणायचे. "डोळ्याला फसवता येतंय. कानाला न्हाई." मी दोन्ही आवाज ओळखायला शिकलो, आणि त्या दिवसांपासून माझ्यासाठी गाडी आतून बाहेर सुरू होते. पोस्टर बघून जीव टाकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. माझ्याही खोलीत पोस्टर होती. पण लाल रंग आणि वर उघडणारे दरवाजे यांच्याखाली कुणी काय ठरवलं होतं, हे कळलं की ती गाडी खरोखर आपली होते. घेतली नसली तरी.

लॅम्बोर्गिनी मिउराचंच बघा. फेरुशिओ लॅम्बोर्गिनी हा शेतकऱ्याचा मुलगा. युद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या वाहनांचे भाग जमवून त्यानं ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि त्यात पैसा केला. ट्रॅक्टरवाला माणूस स्पोर्ट्स कारमध्ये कसा, हा प्रश्न इतरांना पडत असेल. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बघत मोठ्या झालेल्या माणसाला पडत नाही. 1963 मध्ये सांत-आगाता गावात त्यानं गाड्यांचा कारखाना काढला. आणि मिउरा बनवणारी पोरं? जान पाओलो दल्लारा, पाओलो स्तान्झानी, चाचणीला बॉब वॉलेस, बॉडीचं रूप देणारा, बेर्तोने या बॉडी घडवणाऱ्या कंपनीकडचा मार्चेल्लो गांदिनी. सगळे तिशीच्या आतले. मालकाला मोठ्या, आरामशीर गाड्या हव्या होत्या. या पोरांनी कामाचे तास संपल्यावर आपल्या मनातली गाडी रेखाटली. 1965 च्या शेवटी तुरिनच्या प्रदर्शनात नुसती चॅसी ठेवली, वजन कमी करायला जागोजागी भोकं पाडलेली. त्यावर बॉडी यायच्या आधीच लोक ऑर्डर द्यायला पुढं आले. मार्च 1966 मध्ये जिनिव्हाला पूर्ण गाडी आली.

आता फाउंड्रीवाल्याच्या नजरेनं तिच्यात बघा. बारा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागं, आणि तेही आडवं बसवलेलं. जागा इतकी कमी की इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कास्टिंगमध्ये घेतले, दोघांना तेलही एकच. शेवटच्या काही गाड्यांपर्यंत तेल वेगळं झालंच नाही. हे वाचलं तेव्हा मी आण्णांना ते चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ बघितलं. "ह्याचा कोअर बॉक्स ज्यानं केला," म्हणाले, "त्याच्या पाया पडलं पायजे." कोअर बॉक्स म्हणजे रेतीचा कोअर घडवायचा साचा. गाडीच्या रूपाबद्दल एक शब्द नाही. माझ्या मते मिउराचं त्याहून मोठं कौतुक कुणी केलेलं नाही.

नाव स्पेनमधल्या झुंजीच्या बैलांच्या प्रसिद्ध पैदाशीवरून. बेंदराला सजवून काढलेल्या खोंडासारखी दिसतेही ती: ताठ, चकचकीत, कधी उधळेल सांगता येत नाही. पण रस्ता कुठला तिचा? इटलीतला सपाट, सरळ ऑटोस्ट्राडा. तिथंही ती पूर्ण शहाण्यासारखी वागायची नाही. पेट्रोलची टाकी पुढं होती, टाकी रिकामी होत गेली की नाक हलकं व्हायचं आणि जोरात असताना पुढची चाकं रस्त्यावर नीट दबत नसत. उंची एक मीटरच्या जरा वर. आमच्या शाहूपुरीतले स्पीड ब्रेकर तिला बघायलाही मिळू नयेत. मिउरा मला उभी बघायला आवडेल, सुरू करून ऐकायला आवडेल, मागचं झाकण उचलून तासभर बघत बसायला आवडेल. चालवायला मी ती मागणार नाही.

फेरारी एफ-40 बद्दलही माझं असंच आहे, कारण मात्र निराळं. 1987 ची ही गाडी फेरारीच्या चाळीस वर्षांसाठी बनली आणि एन्झो फेरारीच्या हयातीत, त्याच्या मान्यतेनं आलेली ती शेवटची. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. आत गालिचा नाही, रेडिओ नाही, दार आतून उघडायला हँडल नाही, नुसती दोरी. रंगही इतका पातळ की जवळून बघितलं तर खालची विणलेली कार्बनची वीण दिसते. म्हातारपणी माणसाला सगळं ऐश्वर्य जोडून दाखवावंसं वाटतं. या माणसाच्या शेवटच्या गाडीत मात्र काढून टाकायचं धाडस होतं. हे मला फार मोठं वाटतं. पण एफ-40 जवळपास दोन मीटर रुंद आहे. ही रुंदी लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मॅकलारेन एफ-1 वर खरं तर वेगळा लेख लिहायला हवा. गॉर्डन मरेनं 1992 मध्ये ती जगापुढं आणली. चालक मधोमध, दोन्ही बाजूंना जरा मागं दोन प्रवासी. बीएमडब्ल्यूनं खास दिलेलं सहा लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन, टर्बो नाही, आणि इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा पत्रा, कारण सोनं उष्णता उत्तम परतवतं. शोभेसाठी सोनं लावणारे खूप असतात. उष्णतेसाठी लावलं म्हणून मला त्या माणसाबद्दल आदर आहे. 1995 मध्ये तिची रेसिंगची आवृत्ती ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि 1998 मध्ये मूळ गाडी ताशी 386 किलोमीटरपर्यंत गेली. सगळ्या मिळून एकशे सहा बनल्या. मधोमध बसून घाटात गाडी चालवणं कसं वाटत असेल, उजवं-डावं दोन्ही वळण सारखंच दिसत असेल, याचा विचार मी रात्री झोप येईपर्यंत केलेला आहे.

घाट. इथंच यायचं होतं मला.

कोल्हापूरच्या माणसाला कुठला रस्ता हवा, असं विचारलं तर पुणे-बंगळूर हायवे म्हणणारे पुष्कळ निघतील. मला त्या हायवेचं विशेष वाटत नाही. सरळ रस्त्यावर इंजिन बोलतं, चालकाला काही बोलायला उरत नाही. आपली खरी श्रीमंती पश्चिमेला आहे. आंबा घाट रत्नागिरीला उतरतो, दाजीपूरच्या जंगलाच्या अंगानं फोंडा घाट, आजऱ्यावरून पुढं गेलं की आंबोली. आणि माझा लाडका गगनबावडा. गावातून निघालं की कळे, असळज, दोन्ही बाजूंना ऊस आणि भात, मग हळूहळू हवा बदलते, कडेची माती लाल होते आणि गगनबावड्याला पोचताच रस्ता दोन वाटा देतो: एक करूळचा, एक भुईबावड्याचा. दोन्ही कोकणात उतरतात. पावसाळ्यात इथं दरड येते, धुकं इतकं उतरतं की समोरच्या गाडीचे दिवे जवळ आल्यावरच कळतात. म्हणून माझा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटापासून. रस्ता वाळलेला असतो, झाडी अजून हिरवी, आणि सकाळच्या हवेत इंजिन मोकळा श्वास घेतं.

या घाटात एका वळणावर समोरून एसटी येते. येतेच. एसटी अडीच मीटर रुंद. तिचा ड्रायव्हर वर चढतोय, त्याला वळण घ्यायला रस्त्याची दुसरी बाजूही लागते, आणि घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची हा नियम आहे. आता दोन मीटरची एफ-40 घेऊन तुम्ही कठड्याला किती चिकटणार? अशा रस्त्यावर चारशे-पाचशे अश्वशक्तीपेक्षा हातभर जागा मोलाची असते. अरुंद गाडी म्हणजे वळणात स्वतःची रेघ निवडायला मोकळीक. मोठमोठ्या गाड्यांच्या याद्यांत रुंदी कुणी मोजत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून माझी गाडी ठरलेली आहे. पोर्शे 911, आणि तीही 1973 ची करेरा आरएस 2.7. रुंदी 1 मीटर 65 सेंटिमीटर.

911 पहिल्यांदा 1963 मध्ये फ्रँकफर्टला दाखवली, तेव्हा तिचं नाव 901 होतं. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये प्युजोचा हक्क होता, म्हणून 911 झालं. रूप फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शेचं. सहा सिलिंडर, तीन-तीन समोरासमोर आडवे झोपवलेले, हवेनं थंड होणारे. आणि हे सगळं मागच्या चाकांच्याही मागं. कुठलाही इंजिनिअर सांगेल की वजन तिथं ठेवू नये. वळणात ॲक्सिलरेटर अचानक सोडला की भार पुढं सरकतो, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं सगळं वजन बाहेर झुकून गाडी फिरवायला बघतं. पण तोच भार वळण संपताना मागच्या चाकांना जमिनीत रुतवतो, आणि चढावर तर ही गाडी जी पकड घेते ती पुढं इंजिन असलेल्यांना जमत नाही. म्हणजे आत शिरताना सबुरी, बाहेर पडताना जोर. घाटात जुने ट्रकवाले याहून वेगळं काही शिकवत नाहीत.

या गाडीची आणखी एक गोष्ट मला प्रिय आहे. 1970 च्या दशकाच्या शेवटी कारखान्यानं तिला निवृत्त करायचं जवळजवळ ठरवलं होतं. पुढं इंजिन असलेली 928 आली होती, भविष्य तिचं होतं. 1981 मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाला. तो सांगत असे की मुख्य इंजिनिअरच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता, बाकीच्या गाड्यांच्या रेघा पुढं जात होत्या आणि 911 ची त्याच वर्षी थांबत होती. त्यानं मार्कर घेतला, ती रेघ तक्त्याबाहेर भिंतीवर लांब ओढत नेली आणि विचारलं, कळलं ना? आज ती गाडी साठी ओलांडून धावते आहे. जागा चुकीची आहे असं जग म्हणत होतं, तरी इंजिन हलवलं नाही; पिढ्यान् पिढ्या त्याच्याभोवती बाकीचं सगळं सुधारत नेलं. इतका हट्ट आणि इतकी चिकाटी एकत्र क्वचित दिसते.

आरएस 2.7 शर्यतीच्या नियमासाठी पाचशे बनवायच्या होत्या. त्या भराभर संपल्या आणि 1,580 झाल्या. पत्रा पातळ, काच पातळ. हलक्या आवृत्तीचं वजन हजार किलोच्या आत. 210 अश्वशक्ती. मागं बदकाच्या शेपटीसारखा उचललेला झाकणाचा काठ, जो ताशी दोनशेच्या वर गाडीचं मागचं अंग रस्त्यावर दाबून ठेवायला लावला. त्याच्यामुळं ती ओळखू येते, पण तो दिसण्यासाठी नाही, हे महत्त्वाचं.

हलकं असणं म्हणजे काय, हे मला कागदावर नाही, अंगावर कळलं ते मोहिते रेसिंगच्या कार्टिंग ट्रॅकवर. देशातल्या कार्टिंगच्या राष्ट्रीय फेऱ्या जिथं झाल्या असा ट्रॅक आपल्या गावाजवळ आहे याचा अभिमान कोल्हापूरकरांनी अजून जास्त बाळगायला हवा. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियल नसतो. मागचा ॲक्सल सरळ एक दांडा, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. वळणात आतलं चाक थोडं उचललं गेलं नाही तर कार्ट वळतच नाही, घसटत राहते. ते चाक उचलायला लावणं हे चालकाचं काम: किती वळवायचं, कधी ब्रेक सोडायचा, बरगड्या सीटच्या कोणत्या बाजूला दाबायच्या. बुडाखाली जमीन एवढ्याशा अंतरावर. पहिल्या काही फेऱ्यांतच मनगटं भरून येतात. आणि एक वळण नेमकं बसतं तेव्हा जे वाटतं, ते नंतर कुठल्याही मोठ्या एसयूव्हीत वाटत नाही. ज्याला स्वप्नातली गाडी खरंच चालवायची आहे, त्यानं आधी कार्ट चालवावी. पोरांना तर न्यावंच.

देशी स्वप्नांबद्दल बोललो नाही तर टपरीवरचे काका मला माफ करणार नाहीत. प्रीमियर पद्मिनीचा स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, कॉन्टेसाचं रुंद बूड, जिप्सीचा हलका जीव, सगळं मान्य. पण माझं मन टाटा सिएरावर आहे. 1991 ची. बाजूला दोनच दारं, आणि मागच्या प्रवाशांसाठी छतापर्यंत वळत जाणारी मोठी काच. डिझेल इंजिन सुस्त होतं, हे खरं. तरी त्या वेळी इथं बसून कुणीतरी अशी काच कागदावर ओढली, ती घडवून घेतली आणि गाडीला लावली, ही हिंमत मला आजही हलवते. 2025 मध्ये त्याच नावाची नवी सिएरा आली, पाच दारांची. चांगली आहे. लोक जुनीच्या काचेकडे वळून बघतात, एवढं मात्र खरं.

एका गॅरेजमध्ये अशीच एक जुनी सिएरा उभी होती. दारांचे खालचे काठ गंजून जाळी झालेले, डॅशबोर्ड उन्हानं फाटलेला. मेस्त्रीमामा वाकून पत्र्यावर हात फिरवत होते. म्हटलं, "मामा, काय करताय हिचं?" म्हणाले, "इंजिनाचं काय न्हाई, ते हुतंय. पत्रा बी मारतो. पर ही काच फुटली तर कुठनं आणू? म्हणून आधी काचंला गोधडी गुंडाळून ठेवली बग." खरंच, काढलेली काच मागच्या खोलीत जुन्या गोधडीत बांधून भिंतीला उभी होती, वर खडूनं लिहिलेलं: हात लावू नये. मालकाला गाडी विकायची नव्हती. राधानगरीच्या रस्त्याला तो वडिलांबरोबर त्याच गाडीतून जायचा, त्याच रस्त्यावर ती परत न्यायची होती. बघा, त्याला आपला रस्ता माहीत होता.

पैशाचं बोलायचं तर बाहेरून पूर्ण बांधून येणाऱ्या महागड्या गाडीवर भरमसाट कर पडतो, आणि आरएस 2.7 सारख्या गाड्यांच्या किमती लिलावात कोटींत जातात. मला ते सगळं माहीत आहे आणि त्यानं काही बिघडत नाही. मला मिउरा समजून घ्यायला ती विकत घ्यावी लागली नाही, आण्णांनाही नाही. शिवाय माझी साधी, छोटी पेट्रोल गाडी घेऊन मी तो घाट वर्षानुवर्षं चढतो-उतरतो आहे. कुठल्या वळणाला दुसरा गिअर, कुठं डांबर खचलंय, कुठं झऱ्याचं पाणी डिसेंबरपर्यंत रस्त्यावर येतं, सगळं पाठ आहे. गाडी आली तर रस्ता तयार आहे.

कार्यक्रमही ठरलेला आहे. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, पहाटे पाचला रंकाळ्यावरून निघायचं. इंजिन आणि तेल नीट तापेपर्यंत, म्हणजे कळ्याच्याही पुढंपर्यंत, जोर लावायचा नाही. गगनबावड्याला चहा. करूळ उतरून वैभववाडी, तळेरे, मग नांदगाव तिठ्यावरून फोंड्याला आत वळायचं, कारण या गाडीला उतार दाखवून भागत नाही, तिला चढ हवा. फोंडा घाट खालून वर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, काचा खाली. शेजारच्या सीटवर आण्णा. त्यांना वेगाचं काही नाही. इंजिन भाराखाली कसं वाजतं ते त्यांना ऐकायचं आहे, आणि तसं त्यांनी मला सांगूनही ठेवलंय. दाजीपूरला थांबून मागचं झाकण उघडायचं. ते बघतील, हातोडी नसली तरी बोटानं टिचकी मारतील. मग राधानगरीवरून जेवायच्या वेळेला घरी. वाटेत एसटी आली तर आधी तिला वाट.